साडेनऊ फुटांची कमान

नंदगोळ, ता. गडहिंग्लज
६ नोव्हेंबर २०२४

चि. प्रभू तम्मास आक्काचा आशीर्वाद.

परवा फोन केला होता. तू "कोण? कोण?" म्हणून ओरडत होतास, मी "मी, मी" म्हणून ओरडत होते आणि सूनबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मोबाईलवर लिहून पाठवावं तर उत्तरादाखल तुझा अंगठा येतो. वाचलंस की नुसताच दाबलास, काही कळत नाही. म्हणून धाकट्या भावाला हे पत्र. तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, हात अजून चालतो.

पाडव्याला आमच्या गल्लीत आग लागली. कुणाचा तरी बाण हिराबाईच्या कडब्याच्या गंजीत घुसला. गंजीला लागून गोठा. अर्ध्या तासात तालुक्याचा बंब आला. पोरं चांगली होती, उतरल्या उतरल्या पाइप घेऊन धावली. आग निम्म्यावर आली आणि पाणी संपलं. सात मिनिटं पुरलं बघ. मग बंब पाणी आणायला गेला. खालच्या विहिरीवर गेला तर शेतीची लाइट रात्री दहाला येणार. ओढ्यात चिखल. शेवटी नदीवर जाऊन भरून येईस्तोवर दीड तास गेला. तोवर आम्ही घागरी ओतत होतो, म्हणजे मनाचं समाधान करत होतो.

दोन म्हशी गेल्या. हिराबाई एकटी बाई, त्या दोन म्हशींवर तिचं घर चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने दुधाची किटली घासली आणि मग पालथी घालून तिच्याशेजारी बसून राहिली. मी उपसरपंच म्हणून सांत्वनाला गेले. चहा न घेताच परत आले.

आता गावात एकच घोषणा, गावाला स्वतःचा बंब पाहिजे. तू सत्तावीस वर्षं साखर कारखान्याचा बंब चालवतोस. मला खरं सांग, आम्ही काय मागायचं? मी बासष्ट वर्षांची झाले रे. असली आग पुन्हा बघायची ताकद नाही. ह्या गावात बंबाला पाणी मिळालं पाहिजे, एवढं एक काम करून मला घरी बसायचंय.

तुझी आक्का,
शिवलीला


जयसिंगपूर
१५ नोव्हेंबर २०२४

आक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. म्हशींचं वाईट वाटलं. माणसांचं आम्हाला वाटेनासं झालंय, म्हशींचं अजून वाटतं.

बंब मागू नका. बंब मिळाला तर त्याला ड्रायव्हर लागतो, डिझेल लागतं, बॅटरी लागते. तीन वर्षांनी त्यावर कोंबड्या बसतील. पाण्याशिवाय बंब म्हणजे घंटा लावलेला ट्रक. तुमच्याकडे तालुक्याची गाडी अर्ध्या तासात येते, तेवढं पुष्कळ आहे. तिला गावात पाणी द्या.

मी सांगतो तसं करा. गावाच्या तोंडाशी जमिनीलगत पन्नास हजार लिटरची सिमेंटची टाकी बांधा. तिच्या बुडाला चार इंची तोटी, आणि तिची आटी तालुक्याच्या गाडीच्या पाइपला बसते का, ते त्या पोरांना बोलावून बघा. लाइट असो नसो, बंब स्वतःच्या पंपाने ओढून घेतो. पाच मिनिटांत भरून मोकळा. मात्र टाकीला बंब चिकटून उभा राहिला पाहिजे. पाणी ओढायचा पाइप पंचवीस फुटांचा असतो, त्याच्या पलीकडचं पाणी असून नसल्यासारखं.

टाकीपर्यंत पक्का रस्ता करा. भरलेली गाडी पंधरा टनाची असते. आणि त्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर एक मिनिटही उभा राहता कामा नये. मी हयातभर शिव्या दिल्यात त्या ह्या ट्रॅक्टरवाल्यांना. आग समोर दिसते आणि आपण भरलेल्या ट्रॉलीच्या मागे हॉर्न वाजवत बसतो.

शेवटचं. पाणी माणसं चोरतात. लग्न आहे, भिंतीला मारायचंय, जनावरं तहानलीत, कारण प्रत्येकाचं खरं असतं. म्हणून एक माणूस नेमा, त्याने रोज झाकण उघडून हात घालून बघायचं. नुसतं "भरलंय" म्हणणारा नको, बाही ओली करणारा पाहिजे.

माझी तब्येत ठीक. कानाचं चालायचंच.

तुझा,
प्रभू


नंदगोळ
१९ जानेवारी २०२५

चि. प्रभू तम्मास आशीर्वाद.

निवडणूक संपेपर्यंत कुणी विटेला हात लावला नाही. डिसेंबरात ग्रामसभा झाली. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. घंटा लावलेल्या ट्रकवर लोक हसले आणि ठराव झाला.

जागेवर घोडं अडलं होतं. गावाच्या तोंडाशी ग्रामपंचायतीची वीतभर जमीन नाही. शेवटी अमरसिंहाने स्वतःच्या मळ्याच्या कडेची दोन गुंठे जागा दिली. बक्षीसपत्र करून दिली हो, नुसती तोंडी नाही. अट एकच, टाकीच्या रस्त्याला त्याच्या वडिलांच्या नावाची कमान बांधायची, आणि तीही तो स्वतःच बांधणार. मी म्हटलं, बांध बाबा. लोक मेलेल्या बापासाठी काय काय करतात, हा तर गावाला पाणी देतोय.

तू सांगितलेला बाही ओली करणारा माणूसही मिळाला. हंबीरराव, आमचा पाणी सोडणारा. नाव सरसेनापतीचं आणि काम ग्रामपंचायतीच्या नळाचं, म्हणून पोरं चेष्टा करतात. पण माणूस सोन्यासारखा. त्याचं घर टाकीसमोरच, रस्त्यापलीकडे. घरी तो आणि त्याची आई बनाबाई. बनाबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, आवाज मात्र सगळ्या गल्लीला पुरतो.

शिवरात्रीला टाकी भरायचं ठरतंय. तू येशील का? टाकी तुझ्याच डोक्यातून निघालीय.

तुझी आक्का


जयसिंगपूर
३० जानेवारी २०२५

आक्कास नमस्कार.

यायला जमणार नाही. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, बंबावर माझ्याशिवाय माणूस नाही. बारा-बारा तास ड्युटी. रात्री घरी आलो की जेवायचंही सुचत नाही.

कमान बांधा, तोरण बांधा, बँड लावा. टाकीत पाणी तेवढं ठेवा.

प्रभू


नंदगोळ
२८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रभू तम्मास आशीर्वाद.

परवा शिवरात्रीला टाकी भरली. तू हवा होतास रे.

पाणी चोरीला जाऊ नये म्हणून मी एक गोष्ट केली. नळाने टाकी भरण्याआधी प्रत्येक घरातून एक घागर आणून ओतायची असं ठरवलं. दोनशे चाळीस घरं. मठातल्या स्वामींच्या हस्ते पहिली घागर, मग बायका रांगेने. हे पाणी ग्रामपंचायतीचं नाही, तुमच्या प्रत्येकाच्या घरातलं आहे, ते चोरलंत तर शेजारणीची घागर चोरलीत, असं मी माईकवरून सांगितलं. बनाबाईने अंथरुणावरून मुलाला हाक मारली, "हंबीरा, माझी घागर ऱ्हायली की! मला काय मेली समजलास व्हय?" तो लाजत आईची घागर घेऊन आला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून कुणी थेंब घेतला नाही. गावाला आता तीन दिवसांआड नळ येतो, बायका मला येता-जाता टोमणे मारतात, "आक्का, टाकीत मासं सोडा की." हंबीरराव स्वतःच्या आईलाही त्यातलं तांब्याभर देत नाही.

आता माझी हुशारी ऐक. कमान आधी चौदा फुटांची ठरली होती. पण तू ट्रॅक्टरचं लिहिलं होतंस ते माझ्या डोक्यात बसलं होतं. "येथे वाहने उभी करू नयेत" अशी पाटी लावली, तर एकाने पाटीलाच ट्रॅक्टर टेकवून लावला. मग मी गवंड्याला सांगितलं, कमान खाली घे. अमरसिंहाला वर वडिलांच्या, म्हणजे आबांच्या नावाची मोठी अक्षरं हवी होती आणि खाली नक्षीची पट्टी, ते सगळं धरून खालून मोकळी जागा साडेनऊ फूट ठेवली. आता भरलेली ट्रॉली आत शिरूच शकत नाही! रात्रीचे पाणीचोर टँकरही नाहीत. रस्ता आरशासारखा मोकळा. सगळे म्हणतात, मास्तरीण ती मास्तरीणच.

बरोबर केलं ना? तुझी एक ओळ आली की माझा जीव भांड्यात पडेल. तालुक्याच्या पोरांना गाडी घेऊन बोलवायचंय, पण मार्च महिना त्यांच्या धावपळीचा.

तुझी आक्का


नंदगोळ
६ एप्रिल २०२५

चि. प्रभू,

तुझं उत्तर आलं नाही. महिना गेला. आता हे वाच.

२६ मार्चला दुपारी अडीचला हंबीररावाच्या घराला आग लागली. पलीकडच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं, वारा फिरला. पुढच्या सोप्यात सरपण आणि वर्षाच्या शेणी रचलेल्या. हंबीरराव नदीवर पंप चालू करायला गेलेला. बनाबाई मागच्या खोलीत, आणि त्या घराला दार एकच, पुढचं.

बंब पंचवीस मिनिटांत आला. पोरांनी दार धरून पाणी मारलं. ज्वाळा खाली बसल्या, उंबरा दिसायला लागला. आतून बनाबाईचा आवाज येत होता. मुलाला हाका मारत होती. आणि पाणी संपलं.

कुणी घाबरलं नाही. उलट लोक ओरडले, "टाकीकडं घ्या, टाकीकडं!" पोरंसोरं बंबापुढे पळत रस्ता दाखवायला लागली. बंब वळला आणि कमानीशी थांबला. आत जाईना. वरची शिडी कमानीला लागली. कमानीपासून टाकी ऐंशी फूट. पाइप पोचेना. टाकी काठोकाठ भरलेली. ड्रायव्हरने दोनदा मागे घेऊन बघितलं आणि मग गाडी वळवून नदीला गेला.

आम्ही घागरींची रांग लावली. पुढचा सोपा पुन्हा पेटला. वीस मिनिटांनी मागची भिंत फोडून बनाबाईला बाहेर काढलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात पाच दिवस होती. ३१ तारखेला गेली.

हंबीररावाने मला एक शब्द विचारलेला नाही. तिसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "आक्का, पानी भरून ठेवलंतं बगा मी. वाटलं तर हात घालून बगा."

तू आगीतला माणूस आहेस. मला एकच सांग. बंब पाच मिनिटांत भरून परत आला असता, तर बनाबाई वाचली असती का? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

आक्का


जयसिंगपूर
११ एप्रिल २०२५

आक्कास नमस्कार.

बनाबाईला मी बघितलं नव्हतं, तरी डोळ्यासमोर येते.

तू विचारलंस म्हणून सांगतो. बंद खोलीत माणसाला आग मारत नाही, धूर मारतो. शेणीचा धूर फार वाईट. तिच्या छातीत तो आधीच गेला असणार. पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. वय झालेलं, त्यात अंथरुणावरची. वेळ भरली होती असं समज. साडेनऊ फुटांच्या कमानीला दोष देऊन आता काय उपयोग? तू गावासाठी एवढं केलंस, जीवाला लावून घेऊ नकोस.

फेब्रुवारीतलं तुझं पत्र मला मिळालंच नाही. पोस्टाचं हल्ली हे असं आहे. मिळालं असतं तर काही तरी कळवलं असतं.

औषधं वेळेवर घे.

प्रभू


नंदगोळ
१७ एप्रिल २०२५

चि. प्रभू तम्मास,

तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्यात. कुणी कुणाचं बघून लिहिलंय ते मला लगेच कळतं. एप्रिलच्या पत्रात मी कमान किती उंच ते लिहिलेलं नाही. साडेनऊ फूट हे फक्त त्या फेब्रुवारीच्या पत्रात होतं, जे तुला मिळालंच नाही म्हणतोस.

म्हणजे मिळालं होतं. तू वाचलंस आणि गप्प बसलास.

मी हे रागाने लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. मग म्हटलं, मी कुठल्या तोंडाने रागावणार? चोराने चोराला काय म्हणावं? म्हणून आता माझं ऐक. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, घरातही नाही.

१२ मार्चला गावात साखरपुडा होता. तालुक्याच्या बंबाचा ड्रायव्हर विश्वजित त्याला आला होता. मोटरसायकल कमानीखाली उभी करून त्याने वर बघितलं आणि मला शोधत घरी आला. "मावशी, आमची गाडी न्हाय जायची हितनं. खालची नक्षीची पट्टी काढा, दीड फूट सुटतंय. तेवढ्यात भागतंय आमचं." मी म्हटलं, बघते.

त्या संध्याकाळी अमरसिंहाकडे गेले. भिंतीवर आबांच्या फोटोला हार होता आणि शेजारी कमानीचा नवा फोटो, फ्रेम करून. त्याची आई तो फोटो पदराने पुसत होती. मला तिने पोहे दिले. मी पोहे खाल्ले आणि म्हटलं, कमान फार छान झालीय हो. आणि घरी आले.

मला भांडायचं नव्हतं रे. जागेसाठी भांडले, पाण्यासाठी भांडले, बायकांचे टोमणे ऐकले, आणि आता माझ्याच हुशारीची चूक माझ्याच तोंडाने सांगायची होती. गवंड्याचं दोन दिवसांचं काम होतं. मी म्हटलं, गुढीपाडवा झाला की सांगू. पाडव्याच्या चार दिवस आधी आग लागली.

त्या दिवशी गाडीवर विश्वजितच होता. कमानीशी थांबल्यावर त्याने खिडकीतून माझ्याकडे बघितलं.

आता तू सांग. तू का गप्प बसलास? आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दे. धूर-बीर मला सांगू नकोस.

शिवलीला


जयसिंगपूर
२३ एप्रिल २०२५

आक्का,

पत्र ४ मार्चलाच मिळालं होतं. साडेनऊ फूट वाचलं आणि लगेच कळलं. आमची असो नाहीतर तालुक्याची, गाडी शिडीसकट पावणेअकरा फूट. मला हिशेबही करावा लागला नाही. खिशात कार्ड होतं, पेन होतं. "कमान वर घे" एवढंच लिहायचं होतं.

मी बंबावर नाही, आक्का. जानेवारीपासून नाही. एका आगीत साहेब मागून "पाणी बंद, पाणी बंद" ओरडत होते, मला ऐकूच आलं नाही. कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मला गेटवर बसवलं. ट्रॅक्टरचे नंबर लिहितो. सत्तावीस वर्षं ज्यांना शिव्या दिल्या त्यांना आता टोकन देतो. पोरं सलाम करायची, ती आता "काका, गेट उघडा" म्हणतात. मला सांगायची लाज वाटली म्हणून बारा तासांची ड्युटी वगैरे लिहिलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गेटवरच बसलो होतो. बरोबर केलं ना, असं तू विचारलं होतंस. मला राग आला. तुझ्यावर नाही. मनात आलं, गेटवरच्या माणसाला बंबाचं काय विचारतेस. पत्र घडी घालून ठेवलं. उद्या लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. नंतर नंतर ते पत्र बघितलं की मला कंटाळा यायचा. ह्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. असतं तर बरं झालं असतं.

आता तुझा प्रश्न. उंबरा दिसायला लागला होता असं तू लिहिलंस. म्हणजे आग दाराच्या आत हटली होती. बाई हाका मारत होती, म्हणजे छातीत श्वास होता. टाकीला लागून भरायला पाच मिनिटं, वळून यायला दोन. पोरं ओलं घोंगडं घेऊन आत गेली असती.

वाचली असती, आक्का. मी अशी माणसं काढलीत, म्हणून सांगतो.

हे पत्र हंबीररावाला दाखव, नाहीतर चारचौघांत वाच. माझं नाव गाळू नकोस. मी ३१ मेला रिटायर होतोय.

प्रभुलिंग


नंदगोळ
३ मे २०२५

चि. प्रभू तम्मास आशीर्वाद.

परवा एक मेची ग्रामसभा झाली. विषय संपल्यावर मी उभी राहिले आणि तुझं पत्र वाचलं, तुझ्या नावासकट. मग माझं सांगितलं. विश्वजित कधी आला, काय म्हणाला, मी कुठे जाऊन पोहे खाल्ले, सगळं. मधे कुठे थांबले नाही.

मग अमरसिंह उठला. मला वाटलं आता चिडणार. तो म्हणाला, "आक्का, एक शबूद बोलला असता तर मीच घन घेऊन चढलो असतो की. आबांचं नाव काय त्या पट्टीवर हुतं व्हय? ते वर हुतं." आणि खाली बसून रडायला लागला. एवढा पहाडासारखा माणूस. त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं, तो नको म्हणेल हे मीच ठरवून टाकलं होतं. माणसाला विचारायचा कंटाळा केला की काय होतं ते मला बासष्टाव्या वर्षी कळलं. नक्षीची पट्टी त्याने त्याच दुपारी फोडली.

एकाने मला राजीनामा द्यायला सांगितलं. मी लिहूनच नेला होता, तो दिला. तुला कुणी शिव्या दिल्या नाहीत. लोक तुला ओळखत नाहीत म्हणून असेल.

हंबीरराव शेवटी उठला. मी म्हटलं, हंबीरा, मला बोल, मार, काहीही कर. त्याने कनवटीची व्हॉल्वची चावी काढली, माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि चालू लागला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. नळाचं पाणी तो सोडतो, ते काम त्याने सोडलेलं नाही. टाकीचं तेवढं सोडलंय.

काल टाकी बघायला कुणीच गेलं नाही. नवा माणूस कोण, यावर चर्चा चालू आहे, ती तशीच चालेल. म्हणून आज सकाळी मी गेले. झाकण उघडून हात घातला. पाणी चार बोटं खाली गेलं होतं, उन्हाने आटतं. चावी व्हॉल्ववर बसवली आणि फिरवायला लागले. हलेना. दोन्ही हात लावले, पायाचा टेकू दिला. तळहात सोलले. वाकल्याने कंबर धरली. तम्मा, तुला खोटं सांगत नाही, मी तिथे रडले. रिटायर झालास की तू इकडे ये. तुला ऐकू येत नाही आणि मला ओढवत नाही, दोघांचं मिळून एक माणूस होईल. मला एकटीने हे झेपणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड नाही.

समोर हंबीरराव त्याच्या घराच्या जोत्यावर बसला होता. भिंती तेवढ्या उभ्या आहेत, वर पत्रा नाही. मी आले तेव्हापासून तो तिथेच होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते आणि तो माझ्याकडे बघतोय हे मला कळत होतं. मग तो जागेवरूनच म्हणाला, "उलटी फिरवताय, आक्का."

मी डावीकडे फिरवली. पाणी सुरू झालं. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं होतं.

टाकी भरायला दोन तास लागले. तेवढा वेळ तो तसाच बसून होता आणि मीही.

तुझी आक्का,
शिवलीला